रविवारचा सूर्य बुडेपर्यंत

वेस्टकॉट, कनेटिकट
८ मे १७९७

प्रिय बंधू रूफस,

गुरुवारी हार्टफर्डला असेंब्लीचं अधिवेशन बसतंय, म्हणून हे पत्र तुझ्या घरी न धाडता थेट तिकडेच धाडतो आहे. टेम्पीला सांगू नकोस. नाहीतर म्हणेल, सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहायला याला शाई मिळत नाही आणि तिच्या नवऱ्याला मात्र पानंच्या पानं.

माझा अर्ज तुझ्याजवळ आहे. गेल्या महिन्यात तू भेटून जाताना मी तो तुझ्या हातात दिला. असेंब्लीने तो मंजूर केला की माझं जे काही उरलंय, शिडांचं कापड, सुया, पाण्याकाठचा कारखाना, ते सगळं कर्नल बकमिन्स्टरचं, आणि मी मोकळा. कर्ज बुडवायची माझी इच्छा नाही. पण शिडं शिवणाऱ्याला शिडांपासून तोडलं तर त्याने फेडायचं कशातून, हे त्या कर्नलला कोण सांगणार?

पश्चिमेच्या जमिनींचा नाद आपल्या दोघांचा होता. कर्नलच्या रोख्यावर सह्या दोघांच्या आहेत. त्या जमिनींची कंपनी बुडाली तेव्हा आपण दोघंही बुडालो. शेरीफला मी आधी सापडलो एवढंच, कारण माझा धंदा उघड्या दाराचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तू प्रतिनिधी आहेस, बाहेर आहेस, हे आपल्या दोघांच्या फायद्याचंच आहे.

इथे मी कोठडीत नाही, हद्दीत आहे. तुरुंगापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून लोहाराच्या भट्टीपर्यंत आणि तिथून प्रार्थनाघराच्या पायऱ्यांपर्यंत पांढरे खुंट ठोकलेत. त्यांच्या आत मी राजा. एक पाऊल बाहेर पडलं तर मी पळालो असा अर्थ, आणि मग सगळं कर्ज माझ्या जामिनाच्या डोक्यावर. जामीन कोण, तर म्हातारा इनॉक टार्बेल, ज्याने मला सुई धरायला शिकवलं. त्याच्याकडे एक गाय आणि एक छप्पर आहे. त्यामुळे तुरुंगाला भिंत नसली तरी चालतं. इनॉक आहे.

प्रार्थनाघराच्या पायऱ्या हद्दीत येतात, बाक येत नाहीत. दर रविवारी मी पायरीवर बसून प्रवचन ऐकतो. नरकाचा भाग पाद्री मोठ्याने सांगतात, तो नीट ऐकू येतो. स्वर्गाचा भाग हळू सांगतात.

लव्हिसा मुलांना घेऊन तिच्या वडिलांकडे आहे. अर्जाचं काय झालं ते लगेच कळव.

तुझा बंधू,
असाहेल फिच

◆

हार्टफर्ड
१९ मे १७९७

प्रिय बंधू असाहेल,

तुझं पत्र वाचून अंतःकरण गलबलून आलं. ज्या भूमीने एका राजाचं जोखड झुगारलं, त्याच भूमीवर एक प्रामाणिक कारागीर पांढऱ्या खुंटांमध्ये कोंडला जावा! हे वाक्य मी सभागृहात वापरण्याचा विचार करतो आहे.

तुझा अर्ज समितीपुढे आहे. समितीच्या अध्यक्षांचा पायाचा अंगठा संधिवाताने सुजला असून ते खुर्ची सोडू शकत नाहीत, आणि अंगठा दुखत असताना त्यांच्यापुढे कर्जदाराचा विषय काढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यात फ्रान्सशी युद्ध होणार की नाही यावर दोन्ही गट रोज दुपारपर्यंत एकमेकांना देशद्रोही म्हणतात. दुपारनंतर जेवण असतं. तू राजकारणात नाहीस म्हणून तुला हे विलंबासारखं वाटेल. हा विलंब नव्हे, ही वेळेची निवड आहे.

धीर धर. धीर हा प्रजासत्ताकाचा पाया आहे.

जाता जाता एक विचारतो. तुझ्या सासऱ्यांनी शेत विकायला काढलंय असं कानावर आलं. सौदा ठरला का? आणि त्या पैशाचं काय करायचं त्यांच्या मनात आहे? सहज विचारलं.

तुझा स्नेही व बंधू,
रूफस हॅलम

◆

वेस्टकॉट
२७ मे १७९७

प्रिय बंधू,

अध्यक्षांच्या अंगठ्याला आराम पडला असावा. आमच्यातला पिंपं बांधणारा जबेझ काल सुटला. त्याचा अर्ज माझ्यानंतर आठवड्याने गेला होता. त्याचा प्रतिनिधी दोन ओळी बोलला, सगळ्यांनी हात वर केले, झालं. मी त्याला अध्यक्षांच्या अंगठ्याबद्दल विचारलं. तो म्हणतो, अध्यक्ष परवा नाचाला गेले होते.

मी तुझ्यावर शंका घेत नाही. समित्या निरनिराळ्या असतील. पण रूफस, तुझं ते वाक्य राहू दे. नुसतं उभं राहून माझं नाव घे.

शेताचा सौदा ठरला. पैसे कर्नलला द्यायचे नाहीत, गेनेसीच्या रानात नवी जमीन घ्यायची. म्हातारा सप्टेंबरच्या शेवटी, वाटेत चिखल व्हायच्या आत, गाडी जुंपून निघणार. लव्हिसा परवा मुलांना घेऊन आली होती, तिने सांगितलं. म्हातारा म्हणाला, “जावई मोकळा असला तर जावयासकट. नसला तर माझी पोरगी आणि नातवंडं. पायरीवर बसणाऱ्या माणसासाठी मी हिवाळा थांबवू शकत नाही.” लव्हिसा हे सांगताना रडली नाही. तिने ठरवलेलं दिसलं. इथे राहून ती मुलांना काय खायला घालणार? गेनेसी इथून कित्येक आठवड्यांच्या वाटेवर आहे. एकदा गेली की माझी माणसं मला परत दिसायची नाहीत.

सप्टेंबरच्या आत मला सुटायला हवं. ऑक्टोबरचं अधिवेशन माझ्या काही कामाचं नाही. हेच अधिवेशन, रूफस.

असाहेल

◆

हार्टफर्ड
९ जून १७९७

प्रिय असाहेल,

अधिवेशन काल संपलं. तुझा अर्ज ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलण्यात आला, मी शर्थ केली तरी. मला स्वतःला हिशेब समितीच्या कामासाठी हार्टफर्डलाच अडकून पडावं लागतंय, कदाचित सगळा उन्हाळा. घर, पोरं, टेम्परन्स, सगळ्यांना मुकलो आहे. लोकसेवा ही अशी असते.

शेताचे पैसे गेनेसीला चालले हे वाचून आश्चर्य वाटलं. मुलीचा नवरा बंधनात असताना पैसा रानात गाडायचा! तुझ्या सासऱ्यांना त्यांचं ख्रिस्ती कर्तव्य कोणीतरी समजावलं पाहिजे. ते काम तुझ्या तोंडून जास्त शोभेल.

तुझा,
रूफस

◆

स्टोनब्रूक
२५ जून १७९७

असाहेल,

हे पत्र अंडी घ्यायला येणाऱ्या म्हातारीच्या टोपलीतून चाललंय. तिला त्याबद्दल चार अंडी जास्त दिलीत, तेव्हा नीट वाच.

तुझं हार्टफर्ड माझ्या स्वयंपाकघरात आहे, चुलीच्या डाव्या हाताला. तिथेच बसून माझ्या नवऱ्याने तुला शेवटचं पत्र लिहिलं. मी शेंगा सोलत होते. ‘घर, पोरं, टेम्परन्स, सगळ्यांना मुकलो आहे’ हे वाक्य त्याने मला वाचून दाखवलं आणि विचारलं, “कसं वाटतं?” मी म्हटलं, “मुकलेल्या माणसा, जरा पाय उचल, मला केर काढायचाय.”

ऐक आता. कर्नलने रूफसच्या नावानेही वॉरंट काढलंय. असेंब्ली चालू असते तोवर आणि तिथून घरी पोचेपर्यंत प्रतिनिधीला कर्जासाठी कोणी धरू शकत नाही. घरी पोचल्यावर दार बंद असेल तर शेरीफला ते फोडता येत नाही. उघडं सापडलं तर मात्र तो पाहुण्यासारखा आत येतो. म्हणून आमच्या घराला दारच उरलेलं नाही. अडसर घातलाय, वर पेटी लावलीय. मी, तीन पोरांची आई, मागच्या खिडकीतून पाण्याची बादली घेऊन चढते. परवा झगा अडकला आणि शेजारणीने मला तसंच लटकत ठेवून आधी हसून घेतलं.

समोरच्या दगडी कुंपणावर शेरीफचा माणूस बसतो, हॉजकिस नावाचा. दिवसभर लाकडी चमचे कोरतो. अख्ख्या वस्तीला त्याने चमचे पुरवलेत. शनिवारी सूर्य बुडाला, शब्बाथचा पवित्र दिवस लागला, की चाकू मिटतो, मला “शुभरात्री, बाईसाहेब” म्हणतो आणि जातो. सोमवारी सकाळी हजर. रविवारी कर्जासाठी कोणाला धरत नाहीत, म्हणून रविवारी माझा नवरा प्रार्थनाघरात पहिल्या बाकावर ताठ मानेने बसतो. तो पहिला बाक आणि तू पायरी! माझा जीव जळतो.

तुझा अर्ज कोणत्याही समितीपुढे गेलेला नाही. तो त्याने काढलाच नाही. मी विचारलं का. आधी प्रजासत्ताक, पाया वगैरे झालं. मग म्हणाला, “असाहेल आत आहे तोवर त्याचा सासरा कधीतरी विरघळेल आणि शेताचे पैसे कर्नलला देईल, आपण दोघंही सुटू. असाहेल सुटला तर सगळं कर्ज माझ्या एकट्याच्या मानेवर.” कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

मी काय करू? तू माझा भाऊ. तो माझा नवरा, आणि पोरांना बाप पाहिजे. दार उघडलं तर त्याचा घात, बंद ठेवलं तर तुझा. रोज सकाळी अडसराकडे बघते. मी सांगितलं असं त्याला खुशाल सांग, मी घाबरत नाही.

टेम्पी

◆

वेस्टकॉट
४ जुलै १७९७

माननीय प्रतिनिधी रूफस हॅलम यांस, हार्टफर्ड, चुलीच्या डाव्या हाताला.

आज इथे तोफा उडाल्या. गावकऱ्यांनी स्वातंत्र्याच्या नावाने रम प्यायली, आम्हा हद्दीतल्यांनाही एकेक पेला दिला. आम्ही खुंटांच्या आत उभं राहून स्वातंत्र्य चिरायू होवो म्हणालो. तुझी आठवण आली.

मला सगळं कळलंय. टेम्पीने सांगितलं आणि तिने सांग म्हटलं म्हणून मी सांगतो. तू मला नाही म्हणाला असतास तर मी दुसरा प्रतिनिधी गाठला असता. मे महिना होता, वेळ होता. तू माझा वेळ खाल्लास. माझी बायको, माझी पोरं रानात जातायत आणि मी बघत राहणार, ते तुझ्यामुळे. हे तुला साध्या शब्दांत कळावं म्हणून लिहितो. याहून जड शब्द मला येत नाहीत, तुला येतात.

असाहेल

◆

स्टोनब्रूक
२० जुलै १७९७

असाहेल,

या खेपेला वर खरं गाव लिहिलंय.

तू लिहिलंस ते बरोबर आहे. मी भितो. लढाईत मी गोळीला भ्यालो नव्हतो, हे तू पाहिलंयस. पण लोक माझ्याकडे तुझ्याकडे बघतात तसं बघतील, याला मी भितो. पहिल्या बाकावरून उठून पायरीवर बसायला मी भितो. सहा आठवडे खिडक्या लावून घरात बसलोय. धाकटी काल म्हणाली, “बाबा, तुम्ही आजारी आहात का?” मी हो म्हटलं.

माफी मागत नाही, कारण माफी मागितली तर अर्ज काढावा लागेल, आणि तो काढायचं धैर्य आज तरी माझ्यात नाही. निदान खोटं लिहीत नाही.

रूफस

◆

वेस्टकॉट
२८ ऑगस्ट १७९७

प्रिय टेम्पी,

आज कर्नल बकमिन्स्टर स्वतः आला होता. विहिरीच्या कठड्यावर माझ्या शेजारी बसला, जणू आम्ही एका बोटीतले. म्हणाला, “फिच, शेताचे पैसे गेनेसीला चालले, म्हणजे तुझ्याकडून मला काही मिळत नाही. तुझ्या मेहुण्याकडे मात्र घर आहे, कुरण आहे. तो हातात आला तर ते सगळं विकायला काढेल. पण तो दारामागे बसलाय.”

मी म्हटलं, “मग दाराशी बोला.”

तो म्हणाला, “रविवारी बाहेर पडतो. एखाद्या रविवारी तुला भेटायला आला, तर त्याला सूर्य बुडेपर्यंत बसवून ठेव. पुढचं माझा माणूस बघेल. त्याच रात्री तुझी सुटका लिहून देतो. बायकोची गाडी चुकणार नाही.”

तुला माहीत आहे, वेस्टकॉटमध्ये रविवार सूर्याबरोबर बुडतो. सूर्य गेला की पोरं मैदानात धावतात, बायका विणकाम काढतात आणि शेरीफ कामाला लागतो. वसंतात एका चांभाराला असाच धरला, सायडरचा पेला हातात होता. तो ओरडला, अजून रविवार आहे. शेरीफने त्याला आकाश दाखवलं.

मी कर्नलला म्हटलं, “तो माझ्या बहिणीचा नवरा आहे.” तो म्हणाला, “त्याला ते आठवत होतं का?” तरी मी नाहीच म्हणालो. उठून गेला. जाताना म्हणाला, “माझा शब्द सप्टेंबरअखेरपर्यंत चालू आहे.”

तुला का सांगतोय? कारण एकट्याला हे पोटात ठेवणं जड जातंय. रूफसला इकडे येऊ देऊ नकोस.

तुझा,
असाहेल

◆

स्टोनब्रूक
१८ सप्टेंबर १७९७

असाहेल,

गावाने रूफसला पुन्हा निवडून दिलं. सभेला तो गेलाच नाही, घरात कोंडून होता. लोक म्हणाले, बघा, मतं मागायलासुद्धा आला नाही, केवढा स्वाभिमान! पुरुषांचं मतदान असं चालतं.

पण त्या दिवसापासून तो बदललाय. परवा रात्री मला म्हणाला, “ऑक्टोबरमध्ये त्याचा अर्ज मी मांडणार.” मी म्हटलं, “ऑक्टोबरमध्ये त्याचं घर निघून गेलेलं असेल. हे त्याच्या तोंडावर सांग. कागदावर तू फार शूर आहेस.” तेव्हा म्हणाला, “रविवारी जातो.”

तू येऊ देऊ नकोस म्हणालास. मी पाठवते आहे. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून पाठवते आहे, आणि एकदा तरी या माणसाने दाराबाहेर पडून खरं बोलावं म्हणूनही. शनिवारी हॉजकिस गेला की रविवारी पहाटे निघेल, सकाळी तुझ्याकडे पोचेल. परत यायला, नावेने नदी ओलांडून, त्याला चालत तीन तास लागतात, तेव्हा दुपारीच काढून दे.

कर्नलची गोष्ट मी त्याला सांगितली. सावध असावा म्हणून. तू नाही म्हणालास हेही सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, “सूर्यबिर्य खेडवळांचं. कायद्याचा रविवार मध्यरात्रीपर्यंत असतो. कायदे मी करतो, मला माहीत नाही?” तेव्हा सूर्याचं तूही त्याला सांग.

टेम्पी

◆

वेस्टकॉट
२६ सप्टेंबर १७९७

प्रिय टेम्पी,

तुला एव्हाना कळलं असेलच. तरी माझ्या तोंडून ऐक.

रूफस सकाळी आला, बुटांना चिखल लागलेला. प्रार्थना झाली, तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. लोक बघत होते. त्याचे कान लाल झाले होते, पण बसला. ते मी मानलं. मग माझ्या खोलीत आलो. त्याने जे सांगायचं होतं ते सांगितलं, सरळ, एकही मोठा शब्द न वापरता. ऑक्टोबरात अर्ज मांडतो, माझ्यावर काय यायचं ते येवो, म्हणाला. रडला. मीही.

दुपारी मक्याची भाकरी आणि खारवलेलं मांस खाल्लं. खाऊन झाल्यावर मी म्हटलं, “आता नीघ, रूफस. सूर्य बुडायच्या आत घरात पोचायला हवंस.” त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “घाई का करतोस?” मी म्हटलं, “कर्नलचा माणूस गावात आहे.” तो म्हणाला, “गावात की नावेपाशी?” मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याला वाटत होतं, मी त्याला बाहेर काढून कर्नलच्या माणसाच्या हातात देतोय. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हटलं, “रूफस, जा. पाया पडतो.” तो खुर्ची मागे सारून आणखी ऐसपैस बसला आणि म्हणाला, “कायद्याने मी मध्यरात्रीपर्यंत सुरक्षित आहे. अंधार पडला की निघेन, तेव्हा नावेपाशी मला कोण ओळखतो?”

सूर्य गेला तेव्हा शेरीफचा माणूस दार न वाजवता आत आला. माझं घर नाही ते, तुरुंगाच्या हद्दीतली खोली आहे, तिला अडसर नसतो. रूफसने कलम सांगितलं. त्याने खिडकीतून आकाश दाखवलं. बाहेर पोरं ओरडत खेळत होती.

कर्नल तासाभरात आला. माझी सुटका लिहून दिली आणि माझा हात हातात घेतला. म्हणाला, “शब्दाचा पक्का आहेस, फिच.” मी म्हटलं, मी काही केलं नाही. तो म्हणाला, “तेच तर.” मी हात काढून घ्यायला हवा होता. कागद दुसऱ्या हातात होता. मी नाही काढला.

इनॉकच्या घरी गेलो, खुंट ओलांडून. त्याला सांगितलं, तुझी गाय वाचली. त्याने मला मिठी मारली आणि विचारलं, कसं सुटलास? उत्तर त्याला सकाळी गावाने दिलं.

उद्या पहाटे आम्ही निघतो. लव्हिसा सामान बांधते आहे. धाकटा मला सोडतच नाही, कोटाला धरून चालतो. मला आनंद होतोय, टेम्पी, आणि तो लपवता येत नाही, त्याची लाज वाटते. गावात माझ्याशी कोणी बोलत नाही. तुझं दारही मला बंद झालं असेल. पण मी त्याला दोनदा सांगितलं. दोनदा सांगितलं हे देवाला माहीत आहे आणि रूफसला माहीत आहे. त्याला विचार.

उत्तर ऑल्बनीच्या टपालघरी पाठव, वाटेत तिथे मुक्काम आहे.

तुझा भाऊ,
असाहेल

◆

स्टोनब्रूक
९ ऑक्टोबर १७९७

असाहेल,

विचारलं त्याला.

शुक्रवारी पाव घेऊन वेस्टकॉटला गेले होते. तो तुझ्याच खोलीत आहे. जामीन मिळाला, हद्दीत फिरतो. पायरीवर बसायची आता त्याला सवय झाली म्हणतो. कुरण विकलं, घर हिवाळ्यानंतर जाईल. मी पोरांना घेऊन तिथेच राहायला जाणार आहे, माझ्याकडे दुसरी जागा नाही. आमचं दार आता दिवसभर उघडं असतं. कोंबड्या आत येतात.

तो तुझं सगळं खरं मानतो. म्हणाला, “असाहेल दोनदा म्हणाला, जा. त्यानेच मला वाटलं की बाहेर माणूस उभा केलाय. मी त्याच्या जागी असतो तर तसंच केलं असतं.” चोराच्या मनात चांदणं, म्हटलं मी. तो म्हणाला, हो. त्याचा तुझ्यावर राग नाही. हॉजकिसने मला एक चमचा फुकट दिला, म्हणजे त्याला वाईट वाटलं असावं. गावात लोक तुला येशूला विकणारा यहुदा म्हणतात. मी दोघींशी त्यावरून भांडले, एकीच्या अंगावर ताक ओतलं.

दोष द्यायचा तर मलाच आहे. त्याला मी पाठवलं. कर्नलची गोष्टही मीच त्याच्या कानात घातली. त्याने त्यातलं तुझं ‘नाही’ ऐकलं नाही, कर्नलचा भाव तेवढा ऐकला. हे माझ्या जिवाला लागलंय आणि लागून राहणार.

पण तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. त्यात दुपारची भाकरी आहे, दोनदा ‘जा’ आहे, आणि मग एकदम सूर्य बुडतो. मी रूफसला विचारलं, मधल्या वेळात काय चाललं होतं? तो म्हणाला, “गप्पा. असाहेल अगदी मोकळा झाला होता. बाबांच्या आठवणी काढल्या, तुझी नक्कल केली, आम्ही पोट धरून हसलो. इतक्या वर्षांत इतकी चांगली दुपार आम्हा दोघांची गेली नव्हती.”

खिडकी पश्चिमेची आहे, मी पाहिली. तुझ्या खुर्चीतून सूर्य दिसतो, त्याच्या खुर्चीतून दिसत नाही.

तू दोनदा सांगितलंस, असाहेल, ते मी मानते. तिसऱ्यांदा का नाही सांगितलंस?

तुझी बहीण,
टेम्परन्स